नवीन पीसीला नेट येईना, मोबाईलला मात्र येतंय. नेमकं कुठून बघू?

तुम्ही उदगीरहून विचारलंय की मुलीच्या क्लाससाठी पीसी असेंबल करून आणला, राउटरपासून लॅन केबल ओढली, तरी स्क्रीनच्या कोपऱ्यात तो पृथ्वीचा गोळा आणि 'नो इंटरनेट'. त्याच राउटरवर मोबाईल चालतोय. पीसीवाला म्हणतो नेटवाल्याला विचारा, नेटवाला म्हणतो पीसी दाखवा.

मी लातुरात हीच कामं करतो. सगळ्यात आधी मोबाईलचा सिम डेटा बंद करा आणि मग एखादा व्हिडिओ लावून बघा. हसू नका. मागच्या पावसाळ्यात औशाजवळच्या एका गावात गुरुजींच्या घरी मी दीड तास घातला. घरातलं जो तो म्हणायचा, "मोबाईलला यायलंय की हो!" मी लॅनचा ड्रायव्हर (लॅनचा भाग विंडोजला चालवता यावा म्हणून लागणारं सॉफ्टवेअर) काढला, परत टाकला, शेवटी विंडोजच नव्यानं मारावी म्हणून पेनड्राइव्ह बाहेर काढला. तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "त्या डब्यावरचा लाल दिवा सकाळपासून लुकलुकायलाय, त्याचं काय?" तो फायबरच्या नेटचा डबा कपाटावर, दिवाळीच्या फराळाच्या पातेल्यामागं. दिव्याखाली 'लॉस' (LOS, म्हणजे सिग्नलच येत नाही) ची अक्षरं. माळवदावरून गेलेली फायबर वानरांनी झोके घेऊन तोडली होती. वायफायला नेट नाही म्हटल्यावर अँड्रॉइड फोन गुपचूप सिमच्या डेटावर जातो, त्यामुळं घरच्यांना पत्ताच लागला नव्हता. त्या दिवशीचे पैसे मागायला माझं तोंड उघडलं नाही.

तर तो दिवा लाल असेल तर पीसीला हातच लावू नका, थेट नेटवाल्याला फोन. डेटा बंद करूनही मोबाईल चालला, तर मात्र राउटरपर्यंत सगळं ठीक आहे आणि दोष राउटर ते पीसी एवढ्याच टप्प्यात आहे.

आता पीसीच्या मागं वाका. केबल शिरते त्या खाचेजवळ दोन बारीक दिवे असतात. पीसी चालू असताना एकही लागत नसेल तर केबल, तिच्या टोकाची क्लिप किंवा पोर्ट (ती खाच), यातलं काहीतरी गेलंय. केबल काढून परत घाला, 'खट्' आवाज आला पाहिजे. क्लिपचा प्लॅस्टिकचा काटा मोडलेला असला की केबल दिसायला बसलेली दिसते, पण सैल असते. क्लिप पारदर्शक असते, उजेडात धरून बघा: आठही तारा टोकापर्यंत पोचल्यात का, दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच आहे का. राउटरचं दुसरं लॅन पोर्टही वापरून बघा. मृगात विजा कडाडल्या की आमच्याकडं जळालेले लॅन पोर्ट घेऊन माणसं येतात. एक पोर्ट जातं, शेजारचं धडधाकट असतं.

दिवे लागतायत तरी नेट नाही? मग स्टार्टमध्ये इंग्रजीत सीएमडी (cmd) टाइप करून काळी खिडकी उघडा आणि आयपीकॉन्फिग (ipconfig) हा एकच शब्द सलग लिहून एंटर मारा. 'आयपीव्ही४' (IPv4) च्या ओळीत जो आकडा येतो तो पीसीचा नेटवर्कवरचा पत्ता, त्यात निम्मं उत्तर आहे. तो १६९.२५४ नं सुरू होत असेल तर राउटरनं पीसीला पत्ताच दिलेला नाही, पीसीनं स्वतःच काहीतरी धरून ठेवलाय. राउटर बंद करून मिनिटभरानं लावा. आकडा तसाच राहिला तर परत केबलवर शंका घ्या. १९२.१६८ वगैरे असेल तर त्याच खिडकीत पिंग (ping) लिहून एक जागा सोडा आणि इंग्रजी आकड्यांत ८.८.८.८ (8.8.8.8) टाका. रिप्लाय आले पण वेबसाइट उघडत नाही, तर नेट आहे, फक्त नावावरून पत्ता शोधणारं डीएनएस अडलंय. नेटवर्क सेटिंगमध्ये डीएनएस ८.८.८.८ किंवा १.१.१.१ करा.

रिप्लायही आले नाहीत तर त्याच सेटिंगमध्ये आयपी, म्हणजे तो पत्ता, 'ऑटोमॅटिक' वर आहे का ते बघा. दुकानात चेक करताना पोरं तिथला पत्ता हातानं टाकतात आणि काढायचं विसरतात. माझ्या दुकानातही झालंय हे.

आणि आयपीकॉन्फिगमध्ये इथरनेट नावाची ओळच नसेल, तर लॅनचा ड्रायव्हर पडलेला नाही. नव्या मदरबोर्डांचं हे नेहमीचं दुखणं आहे, विंडोजकडं त्यांच्या लॅन चिपचा ड्रायव्हर तयार नसतो. ड्रायव्हर उतरवायला नेट पाहिजे आणि नेटला ड्रायव्हर! यातून सुटायचा सोपा मार्ग म्हणजे मोबाईल चार्जिंगच्या केबलनं पीसीला जोडायचा आणि हॉटस्पॉटच्या सेटिंगमधून यूएसबी टेदरिंग चालू करायचं. अँड्रॉइड असेल तर पीसीला लगेच नेट मिळतं, आणि फोन वायफायवर असेल तर सिमचा डेटाही जात नाही. केबल फक्त चार्जिंगपुरती नको, डेटाची पाहिजे. मग मदरबोर्डवर छापलेलं मॉडेल बघून त्याच कंपनीच्या साइटवरून लॅनचा ड्रायव्हर घ्या. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर' वाली सॉफ्टवेअरं नकोत, त्यांच्यासोबत नको ते पाहुणे येतात.

वायफायवर चालवायचा विचार असेल तर आधी बघून घ्या, कित्येक मदरबोर्डांत वायफाय नसतंच. यूएसबी डोंगल घ्यावं लागतं, आणि ते पत्र्याच्या कॅबिनेटमागं भिंतीकडं तोंड करून खुपसलं की रेंज जाते. छोट्या एक्स्टेंशन वायरनं टेबलावर आणा. जुन्या वाड्याच्या दोन हात जाड मातीच्या भिंतीतून ५ गिगाहर्ट्झ जाता जात नाही, वायफायच्या यादीतलं २.४ वालं नाव निवडा. पण मुलीचे लाइव्ह तास असतील तर माझं मत केबलच. १०० मीटरपर्यंत ती बिनघोर चालते.

एवढं करून अडलंच, तर लॅनचे दिवे लागतात का आणि तो आकडा १६९ चा आहे की १९२ चा, हे इथंच खाली लिहा. तोवर कुणी फॉरमॅट मारू म्हणालं तर मारू देऊ नका.