दवाखान्याच्या वेबसाइटसाठी रंग आणि फॉन्ट कोणते निवडावेत?

तुम्ही लिहिलंय की ठाण्यातल्या एका दवाखान्याची वेबसाइट करायला घेतली आहे, पेशंट बहुतेक वयस्कर आहेत, तर वापरायला सोपी व्हावी म्हणून रंग आणि फॉन्ट कोणते ठेवू. मी बारा वर्षं हेच काम करतेय, त्यातली पाच महापेला एका सॉफ्टवेअर कंपनीत गेली. रंगाचं सांगते, पण आधी नौपाड्यातल्या माझ्या मावशीचं ऐका.

२०१९ साली आमच्याकडे एका पॅथॉलॉजी लॅबचं काम होतं. रक्ताचा नमुना न्यायला घरी माणूस बोलवायचा, त्याचा फॉर्म. लाइव्ह जायच्या आधी घरच्या कुणाला तरी दाखवावं म्हणून मी रविवारी ऐरोलीहून मावशीकडे गेले. ती तेव्हा ६८ वर्षांची. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली, व्हॉट्सॅपवर मराठीत लांबलचक लिहिणारी, लाइटबिल स्वतः फोनवरून भरणारी. फोन तिच्या हातात दिला आणि ठरवलं, मध्ये तोंड उघडायचं नाही.

तिने नाव मराठीत लिहिलं. फॉर्मने लाल अक्षरांत इंग्रजीतून सांगितलं, फक्त अक्षरं चालतील. मावशी म्हणाली, "अगं, अक्षरंच तर लिहिलीत." आयुष्यभर पोरांना बाराखडी शिकवलेल्या बाईला आमचा फॉर्म हे सांगत होता. कोडमध्ये ए ते झेड एवढंच मान्य होतं. नंतर आमच्या टीममधल्या कोड लिहिणाऱ्या मुलांनी कुठल्याही भाषेचं अक्षर चालेल असा बदल केला, तर 'कमल' जायला लागली आणि 'शालिनी' अडकली. कारण युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरं कंप्युटरला कळावीत म्हणून केलेल्या यादीत, काना, मात्रा, वेलांटी हे 'अक्षर' या वर्गात नाहीत, 'चिन्ह' या वर्गात आहेत. दोन्ही वर्ग घ्यावे लागतात. तुमच्या फॉर्मवर हे आजच तपासा.

मग जन्मतारीख. कॅलेंडर उघडलं ते चालू महिन्यावर. मावशीचा जन्म १९५१ चा. ती मागे जायचा बाण दाबायला लागली. ६८ वर्षं म्हणजे ८१६ महिने. वरच्या '२०१९' या आकड्यावर बोट ठेवलं की वर्षांची यादी उघडायची, पण तो आकडा दाबता येतो हे त्याच्याकडे बघून कुणालाही कळलं नसतं. ती शांतपणे दाबत दाबत २०१२ पर्यंत गेली. तेवढ्यात बोट बाजूला लागलं, कॅलेंडर मिटलं, आणि पुन्हा उघडलं तर परत चालू महिना. तिने फोन खाली ठेवला. म्हणाली, "माझंच काहीतरी चुकतंय गं. मला नाही जमत आता हे."

चूक तिची नव्हती. दिवस, महिना, वर्ष असे तीन साधे रकाने आणि आकड्यांचा कीबोर्ड दिला असता तर दहा सेकंदांचं काम होतं.

त्या आठवड्यात मी आणखी चार जणांना फॉर्म भरायला बसवलं, त्यात आमच्या सोसायटीचे वॉचमनकाका होते. जन्मतारखेवर पाचही जण अडकले. मीटिंगमध्ये मी हे मांडलं तर टीम लीड म्हणाले, "तुझी मावशी आपली यूजर नाही, आणि पाच माणसं म्हणजे डेटा नाही." वेबसाइट वापरायला सोपी कशी करावी याचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी २००० सालीच लिहून ठेवलंय की बहुतेक अडचणी पाच माणसांत दिसून येतात. तेही सांगितलं. उपयोग झाला नाही. नावाचा रकाना तेवढा दुरुस्त झाला, कॅलेंडर तसंच राहिलं, आणि पुढचा आठवडा बटणाची निळी छटा कोणती यावर गेला. पुढे लॅबच्या काउंटरवरच्या मुली लोकांना फोनवर विचारून तोच फॉर्म स्वतः भरत बसायच्या.

रक्त द्यायला घरी माणूस कोण बोलावतं हो? ज्याला जिना उतरवत नाही तो. मग माझी मावशी नाही तर यूजर कोण? हे मला त्या मीटिंगमध्ये सुचलं नाही, याची रुखरुख अजून आहे.

आता रंग. कुठलाही घ्या, पण अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातलं कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, किमान ४.५ ला १ ठेवा. आमच्या त्या फॉर्मचा फिकट राखाडी, रंगाचा कोड ९९९९९९, होता, पांढऱ्यावर तो २.८५ च भरतो. ७६७६७६ इतका गडद केला की ४.५४ होतो. आणि रकान्याचं नाव रकान्याच्या आत फिकट लिहून ठेवू नका. टाइप करायला लागलं की ते गायब होतं आणि माणूस विसरतो की इथे काय भरायचं होतं. नाव वर, कायम दिसेल असं.

फॉन्टसाठी मुंबईच्याच 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा 'मुक्ता' चांगला आहे. मोफत आहे, आणि देवनागरी व इंग्रजी दोन्ही एकाच फॉन्टमध्ये मिळतात. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात. अक्षरांमधलं अंतर मात्र वाढवू नका, शिरोरेषा तुटते.

एक राहिलं. तुमचा फॉर्मही पाच माणसांना भरायला बसवून बघा, पण पाच म्हणजे एका प्रकारची पाच. तुमच्याकडे पेशंटही फॉर्म भरणार आणि रिसेप्शनवरची मुलगीही, तर दोघांकडची माणसं वेगवेगळी बसवा. आणि मोठ्या साइटवर, जिथे टक्क्या-दोन टक्क्यांचा फरक मोजायचा असतो, तिथे टीम लीडचं म्हणणं बरोबर ठरलं असतं, तिथे पाच जण पुरत नाहीत. दवाखान्याच्या अपॉइंटमेंटच्या फॉर्मला पुरतात. बसवाल तेव्हा त्यांचाच फोन, त्यांचाच चष्मा, आणि तुम्ही गप्प.