पेटी खाटेवर, तू जमिनीवर

पत्र : ताई, मी पालघर जिल्ह्यातल्या एका पाड्यावर राहते. वय ३१. नऊ वर्षं वनहक्काच्या दाव्यांचं, म्हणजे जंगलातली कसती जमीन लोकांच्या नावावर व्हावी यासाठीच्या अर्जांचं, काम करतेय. आमच्या ६४ दाव्यांपैकी २३ मंजूर झाले, तेही बऱ्याच जणांना कसतात त्याच्या निम्म्या जागेचे. २९ नामंजूर, १२ लटकलेले. २०१८ ला शेतकऱ्यांच्या मोर्च्यात नाशिकहून मुंबईपर्यंत चालले, तेव्हा सहा महिन्यांत सगळं निकाली काढू असं सरकार म्हणालं होतं. २०२३ ला परत चाललो, वाशिंदला थांबलो. आई म्हणते, पुरे आता, नोकरी बघ. गेल्या महिन्यात चुलतभावाच्या हळदीत एकाने सगळ्यांदेखत विचारलं, ‘एका फायलीमागे तुला किती सुटतात गं?’ मी हसले आणि घरी येऊन रडले. जिच्यासाठी सगळ्यात जास्त खेटे घातले ती म्हातारी या पावसाळ्यात गेली. आता फोन वाजला की पोटात गोळा येतो. सगळे कागद माझ्याच घरी पेटीत आहेत, पाणी गळतं म्हणून ती खाटेवर ठेवते आणि मी खाली झोपते. सोडावंसं वाटतं, पण मी पळपुटी ठरेन का?
– दमलेली

दमलेली,

तुझं पत्र चार पानी होतं, इथे कापून छापलंय. दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच जागी अडले. मोर्च्यापाशी नाही, हळदीतल्या त्या आगाऊ माणसापाशीही नाही. पेटी खाटेवर आणि तू जमिनीवर, तिथे. हे तू इतक्या सहज लिहून गेलीस की तुला त्यात काही वावगं वाटत नसावं.

ती पेटी तुझ्या घरी का आहे?

नियम तुला माझ्यापेक्षा जास्त पाठ असतील. वनहक्क समिती ग्रामसभेने निवडायची, १० ते १५ जणांची, त्यात निदान एक तृतीयांश बायका. दावे घेणं, नोंद ठेवणं, जागेवर जाऊन पडताळणी करणं हे सगळं समितीचं काम. २००६ चा वनहक्क कायदा एका धडपड्या पोरीच्या भरवशावर लिहिलेला नाही. तुमच्याकडे समिती कागदावर असणार आणि काम तुझ्याकडे. असं कसं होतं तेही ठाऊक आहे. सचिवाला एक अर्ज लिहायला सकाळ लागते, तू चहा उकळेपर्यंत लिहितेस. पहिल्यांदा लिहिलास, दुसऱ्यांदा लिहिलास, आणि नवव्या वर्षी लोकांना वाटू लागलं की दावाच तुझा आहे. हळदीतला प्रश्न तिथूनच आला. त्याने विचारलं ते हलकटपणाचंच, पण कुलपात ठेवलेल्या कागदांबद्दल लोक असंच बोलतात.

माझं सांगते, फारसं अभिमानाचं नाही. पंचविशीत मी मराठवाड्यात रोजगार हमीच्या कामांवर हिंडायचे. खडी फोडायला नव्हे, हजेरीपट तपासायला. खोट्या नावांवर खुणा करायच्या, थकलेल्या मजुरीचे अर्ज लिहायचे. चार गावांचे कागद माझ्या शबनममध्ये. एका मंगळवारी स्टँडवर गेले, एसटी आली, दार उघडलं, आणि मी चढलेच नाही. परत कधीच गेले नाही. कित्येक वर्षांनी तिथलीच एक बाई एका लग्नात भेटली. वाटलं, आता शिव्या घालणार. ती म्हणाली, ‘‘गेलीस त्याचं काय नाय. पिशवी कुठं ठेवली, तेवढं तरी सांगायचं.’’ अठरा बायांची मजुरी त्या पिशवीत अडकली होती. पुढे ती मिळाली का, हे विचारायचा धीर मला झाला नाही.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर : थांबलीस तर पळपुटी नाहीस. पिशवी घेऊन थांबलीस तर मात्र माझ्यासारखी ठरशील.

महाडचं तू वाचलेलं असणारच. २० मार्च १९२७ सगळ्यांना पाठ असतो. डिसेंबरात लोक पुन्हा जमले तेव्हा कोर्टाचा मनाईहुकूम आलेला होता, आणि बाबासाहेबांनी तळ्यावर जाणं तहकूब करून खटला लढायचं ठरवलं. निकाल मुंबई हायकोर्टातून १९३७ च्या मार्चमध्ये आला. मधली दहा वर्षं कुणी तारखा सांभाळल्या, कुणी नकला काढल्या, याचे पुतळे नाहीत. पण त्या एकाच्याच खाटेवर नव्हत्या, एवढं नक्की.

आता पेटीचं. येत्या ग्रामसभेत ती उघडायची, सगळ्यांसमोर. आधी नामंजूर २९ काढ. नामंजुरीचं कारण लेखी कळवायलाच लागतं. ज्यांना ते मिळालेलं नाही त्यांची थप्पी वेगळी. ज्यांना मिळालंय त्यांच्या तारखा बघ. वर दाद मागायला ६० दिवस असतात, आणि ते दिवस तुझ्या डोक्यात नकोत, समाजमंदिराच्या भिंतीवर खडूने हवेत. मुदत टळलेल्यांचं काय करायचं ते वकिलाला विचारा. विचारायला दुसऱ्या कुणाला तरी पाठव. मग एकेक फाईल ज्याची त्याच्या हातात दे, नक्कल समितीच्या सचिवाकडे, आणि कुलपाची किल्लीही त्याच्याकडेच. तो गोंधळ घालेल. घालू दे. दोन कागद इकडचे तिकडे होतील, तू तोंड उघडायचं नाहीस. हे तुला मोर्च्यात चालण्यापेक्षा जड जाईल.

म्हातारीची फाईलही बाजूला टाकू नकोस. मंजूर हक्क तर वारसांकडे जातोच; लटकलेला असेल तर कसणाऱ्या मुलासुनेला घेऊन ग्रामसभेपुढे जा. आणि तिचं दुःख करताना एक बघ : तिने इतरांच्या जमिनीबद्दल जे पाहिलं होतं, ते कुणी लिहून घेतलं होतं का? दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचं लेखी निवेदन पुरावा म्हणून चालतं. कुणाच्या आजाने कोणत्या माळावर नागली लावली, कोणत्या वर्षी गार्डाने दंडाची पावती फाडली, हे सांगणारे अजून चार-पाच जण पाड्यावर असतील. दहावी-बारावीची पोरं वही घेऊन त्यांच्याकडे बसव. तू नको जाऊस.

आईचं बरोबर आहे. नोकरी बघ. फुकट काम केलं म्हणजे ते जास्त शुद्ध, हे खूळ आपल्याकडे फार जुनं आहे आणि बायकांच्या डोक्यात ते जरा जास्तच घट्ट बसतं. पगार मिळवून महिन्यातून दोन रविवार पाड्यावर बसलीस तरी कुणी तुझा मोर्चा काढून घेणार नाही. संघटनेतल्या मोठ्यांना मात्र तोंडाने सांग, तारीख घालून. ते नाराज होतील, एखादा भाषणही देईल. ऐकून घे आणि एसटी पकड.

फोनचं तेवढं आजपासूनच कर. रात्री आठनंतर बंद. प्रांत ऑफिस आठनंतर उघडं नसतं, निकाल काही रात्री लागत नाही.

पेटी गेली की खाट मोकळी होईल. आधी कौलं शाकारून घे, मग तिच्यावर झोप.

– तुझी ताई