बी.ए. नंतर नागपुरात एम.ए. कशात करावं: जर्मन, भाषाविज्ञान की तत्त्वज्ञान?

तुम्ही लिहिलंय की इंग्रजी साहित्य घेऊन बी.ए. झालंय, जर्मनची आवड आहे, तत्त्वज्ञानही ओढतं आणि घरचे नागपूर सोडू देत नाहीत. मी इथेच भाषाविज्ञानात एम.ए. केलं, त्यामुळे माझा कल तिकडे आहे हे धरूनच वाचा.

नुसती जर्मन शिकण्यासाठी एम.ए.ची दोन वर्षं घालवू नका. नोकरी देणारे ए१ (नवशिके) ते सी२ (पूर्ण प्रभुत्व) या सहा पातळ्यांपैकी तुमची कोणती ते बघतात, आणि बी२ या चौथ्या पातळीपर्यंतचा अभ्यास दुसरं एम.ए. करतानाही संध्याकाळच्या वर्गात होतो. जर्मन साहित्यावर संशोधनच करायचं असेल तर मात्र हैदराबादचं इफ्लू किंवा दिल्लीचं जेएनयू यांसारखं विद्यापीठ गाठावं लागेल. तेव्हा घरच्यांशी बोला.

भाषाविज्ञानाला येणाऱ्या पुष्कळांना वाटतं की इथे पाच-सहा भाषा शिकवतील. तसं नाही. भाषा चालते कशी, ते इथे बघायचं असतं. ध्वनी, शब्दांची घडण, वाक्यरचना, अर्थ. रेकॉर्डिंगमधलं एकेक वाक्य पुन्हापुन्हा ऐकायचं, ध्वनिलिपीत उतरवायचं, प्रत्येक प्रत्यय सुटा करून त्याखाली त्याचं काम लिहायचं. मिनिटभराच्या बोलण्यात अख्खी दुपार जाते. घरातल्या कुणाचं तरी पाच मिनिटांचं बोलणं मोबाइलवर घ्या आणि एकही शब्द न सुधारता जसंच्या तसं उतरवून बघा. कंटाळा आला तर हा विषय घेऊ नका.

पण गोडी लागली, तर नागपूरसारखी जागा नाही. आपली नागपुरी बोली आणि हलबी आर्य भाषाकुळातल्या, गोंडी, माडिया आणि कोलामी द्रविड कुळातल्या, मेळघाटातली कोरकू मुंडा गटातली, आणि बुलढाण्याकडची निहाली तर कुठल्याच कुळात बसत नाही. एवढं सगळं एसटीच्या अंतरावर! आणि लांब जायचं नसेल तर नागपुरातच बर्डीच्या बाजारात उभे राहा. ‘काय करून राहिला बे?’ हे रोज कानावर पडतं. ही रचना हिंदीच्या ‘कर रहा है’वरून आली की मराठीतच वाढली? १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रांतात, मग मध्य प्रदेशात होतं, म्हणून हिंदीकडे बोट दाखवणं सोपं आहे. पण नक्की सांगायचं तर हिंदीचा फारसा संबंध न आलेल्या गावांतली म्हातारी माणसं कशी बोलतात ते ऐकायला हवं, जुने कागद चाळायला हवेत. एम.ए.च्या प्रबंधाला एवढा प्रश्न भरपूर झाला.

तत्त्वज्ञान घ्यायचं ते संथ वाचनाची सवय असेल तरच. एका परिच्छेदावर तासभर वाद घालता आला पाहिजे आणि तर्कशास्त्राला घाबरून चालत नाही. शब्दाला अर्थ कुठून येतो, हा तुमचा खरा प्रश्न असेल तर संस्कृत व्याकरणकार-तत्त्वज्ञ भर्तृहरी आणि जर्मन तर्कशास्त्रज्ञ फ्रेगे दोघंही तिथेच भेटतील. बौद्ध विचार मुळातून वाचायचा असेल तर सोबत पाली शिका. आपल्या नागपूर विद्यापीठात पाली-प्राकृतचा वेगळा विभाग आहे.

नोकरीचं स्पष्ट सांगते. भाषाविज्ञान आणि तत्त्वज्ञान, दोन्ही विषयांत प्राध्यापकांच्या जागा थोड्या आहेत. प्राध्यापक होण्यासाठीची नेट परीक्षा दोन्हींत देता येते आणि तिच्यातून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पीएच.डी.च्या काळात घरच्यांवर भार राहत नाही. भाषाविज्ञानवाल्यांना अनुवाद, कोश, मराठी बोलणं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी मजकूर तयार करणं अशी कामंही मिळतात, म्हणून पहिल्याच वर्षी थोडं पायथॉन (संगणकाची प्रोग्रॅमिंग भाषा) शिकून घ्या. वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयातही भाषाविज्ञान आणि भाषा-तंत्रज्ञान शिकवतात, हिंदीतून चालत असेल तर तेही बघा. नागपूरहून रेल्वेने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं.

फॉर्म भरण्याआधी विद्यापीठाच्या अमरावती रोडच्या परिसरात जाऊन दोन्ही विभागप्रमुखांना भेटा आणि दोन-चार तासांना मागे बसू द्याल का, असं सरळ विचारा.