नेव्हीत नेमकं काम काय असतं, ट्रेनिंग कसं होतं आणि अग्निवीर व्हावं की ऑफिसर?

तुम्ही विचारलंय की बारावी सायन्सला आहे, नेव्हीत जायचंय, पण युद्ध नसताना तिथे करतात काय आणि अग्निवीरचा फॉर्म भरू की ऑफिसरची तयारी करू. मी सेलर म्हणजे ऑफिसरच्या खालचा नौसैनिक म्हणून इंजिनिअरिंग ब्रांचला नोकरी केलीय, तेव्हा आतून जे बघितलं त्यावरून सांगतो.

युद्ध नसलं तरी नेव्ही रिकामी बसत नाही. २००८ पासून एडनच्या आखातात चाच्यांविरुद्ध गस्त चालू आहे, २०१५ ला येमेनमधून आपली अडकलेली माणसं बाहेर काढली, आणि मार्च २०२४ मध्ये तर चाच्यांनी पळवलेलं एमव्ही रुएन हे मालवाहू जहाज आपल्या आयएनएस कोलकाता या युद्धनौकेने जवळपास ४० तास अडवून धरलं, मार्कोस म्हणजे नेव्हीचे कमांडो विमानातून समुद्रात उतरले, ३५ चाचे शरण आले आणि १७ खलाशी सुखरूप सुटले. लोकांना मार्कोस दिसतात, पण तेवढा वेळ खाली इंजिन रूममध्ये वॉच म्हणजे पाळीची ड्युटी चालूच असते, कोणीतरी रडारसमोर असतं, गॅलीत म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात कोणीतरी सगळ्यांचं जेवण करत असतं, आणि तुम्ही भरती झालात तर बहुतेक यातलंच एक काम तुमचं असणार. ते मनापासून आवडेल का हे आधी बघा.

सेलरचं सुरुवातीचं ट्रेनिंग ओडिशात आयएनएस चिल्का या नेव्हीच्या ट्रेनिंग तळावर. पीटी, परेड, पोहणं, फायरिंग हे सगळं तिथे होतं, मग ब्रांचप्रमाणे पुढे पाठवतात, इंजिनवाले लोणावळ्याला आयएनएस शिवाजी, इलेक्ट्रिकलवाले जामनगरला वलसुरा, तोफांवाले कोचीला द्रोणाचार्य. मला सगळ्यात जास्त शिकवलं ते डॅमेज कंट्रोलने, म्हणजे जहाजाला भोक पडून पाणी शिरलं तर ते कसं थांबवायचं याच्या सरावाने. लोखंडी कंपार्टमेंटमध्ये सोडतात, भिंतीतल्या भोकांतून पाणी फवाऱ्यासारखं अंगावर येतं, लाईट जातात, पायाखालचा फ्लोअर कलायला लागतो आणि पाणी वर चढायच्या आत तुम्हाला चाचपडत लाकडी वेज म्हणजे पाचर हातोड्याने भोकात ठोकायची असते. एकट्याने होतच नाही, एकाने वेज दाबून धरायची, दुसऱ्याने ठोकायची. कुक असो की रायटर (ऑफिसचं कागदी काम बघणारा), हे सगळ्यांना यावंच लागतं कारण भर समुद्रात बाहेरून कोणी मदतीला येणार नसतं.

आता करिअर. इथे माझं मत स्पष्ट आहे, कुठल्या दाराने आत जाता त्यावर पुढचं सगळं ठरतं. अग्निवीर म्हणजे ४ वर्षं, त्यानंतर बॅचमधले जास्तीत जास्त २५ टक्के कायम होतात, बाकीचे सेवानिधी म्हणजे शेवटी मिळणारी एकरकमी रक्कम घेऊन बाहेर, पेन्शन नाही. कायम झालात तर पुढे लीडिंग, पेटी ऑफिसर, चीफ असं वर जाता येतं, सेलरमधून ऑफिसर व्हायचाही रस्ता आहे पण तिथे जागा कमी आणि कॉम्पिटिशन भरपूर. तुम्ही आत्ता बारावीला आहात म्हणजे एनडीएला, म्हणजे बारावीवरून ऑफिसर व्हायच्या परीक्षेला बसायचं वय तुमच्याकडे आहे, ते एकदा गेलं की गेलं. एनडीएत ३ वर्षं खडकवासला, नंतर केरळात एझिमलाच्या नेव्हल अकॅडमीत. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स चांगलं असेल तर जेईई मेनच्या रँकवरून एसएसबीला म्हणजे ऑफिसर निवडायच्या मुलाखतीला बोलावतात आणि निवड झाली तर बीटेक सरकारी खर्चाने एझिमलालाच होतं, गावाकडच्या कित्येक मुलांना ही एंट्री माहीतच नसते याचं मला फार वाईट वाटतं. मुलींनाही आता हे सगळे रस्ते खुले आहेत, एनडीएसुद्धा.

म्हणून आधी एनडीए आणि जेईई दोन्ही द्या, अग्निवीरचा फॉर्म पण भरा, एक केलं म्हणून दुसरं बंद होत नाही. ग्रॅज्युएशन झाल्यावर ऑफिसर व्हायला सीडीएस ही परीक्षा आणि शॉर्ट सर्व्हिस म्हणजे ठरावीक वर्षांची नोकरी आहेतच. कोस्ट गार्ड पण बघून ठेवा, काम किनाऱ्याजवळचं, शोध आणि बचावाचं जास्त, आणि भरती वेगळी निघते.

आणि एक, फॉर्म भरायच्या आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडून नंबर आणि रंग ओळखायची टेस्ट करून घ्या, दात आणि कान पण दाखवा. लेखी पास होऊन पोरं मेडिकलला बाहेर पडतात, आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टी वेळेवर कळल्या तर उपचाराने नीट होणाऱ्या असतात. पोहता येत नसेल तर आत्तापासून शिका.