वाचकांचे प्रश्न : छळछावणी पाहून आल्यानंतर

गेल्या अंकात २७ जानेवारी या आंतरराष्ट्रीय होलोकॉस्ट स्मृतिदिनाची माहिती दिली होती. होलोकॉस्ट म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाझींनी केलेला ज्यूंचा संहार. १९४५ साली याच दिवशी पोलंडमधली ऑशविट्झची नाझी छळछावणी मुक्त झाली. त्यावर नाशिकहून आलेल्या पत्रांपैकी तीन इथे घेत आहोत.

प्रश्न : आई सहलीबरोबर युरोपला जाऊन आली. ऑशविट्झमध्ये आपल्याला काहीच वाटलं नाही, याचीच तिला लाज वाटत होती. परतल्यावर काही आठवड्यांनी काळाराम मंदिराबाहेर चपलांचा ढीग पाहून ती एकदम रडायला लागली. तेव्हापासून झोप उडाली आहे. काय करावं?
— एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : आईंना तिथे काही वाटलं नाही, म्हणून त्या कोरड्या मनाच्या ठरत नाहीत. तिथल्या संग्रहालयातली मार्गदर्शकाबरोबरची फेरी साधारण साडेतीन तासांची असते. कानाला हेडफोन, पुढेमागे दुसरे गट, आणि एकापाठोपाठ एक दालनं. बळींचे सुमारे दोन टन केस, मग चष्मे, बूट, सुटकेसा. एकातून सावरायच्या आत पुढचं येतं. त्या छावणीत सुमारे ११ लाख माणसं मारली गेली, त्यांतले जवळपास १० लाख ज्यू. हा आकडा मनात मावत नाही. मग मन तेवढ्यापुरतं दार लावून घेतं आणि पायऱ्या सांभाळणं, गटाबरोबर राहणं एवढंच बघतं. दबलेलं दुःख नंतर घरी, ओळखीच्या वस्तूतून वर येतं. काचेमागचे हजारो बूट पाहिलेल्या बाईला चपलांच्या ढिगापाशी रडू फुटावं, हे अगदी समजण्यासारखं आहे.

आता करायचं काय? पुढचे काही आठवडे या विषयावरचे सिनेमे आणि व्हिडिओ बंद ठेवा, विशेषतः रात्री. ‘आता विसर’ असं म्हणू नका. काय पाहिलं, कुठल्या दालनात पाय अडखळला, हे त्यांना क्रमाने सांगू द्या, आणि ते दिवसा होऊ द्या. झोपायच्या तोंडावर हा विषय काढला की तीच चित्रं स्वप्नात येतात.

सगळ्यांत उपयोगी पडतं ते एका माणसाचं नाव धरणं. लाखोंचा शोक एकट्या माणसाला पेलत नाही, एकाचा करता येतो. जेरुसलेमच्या याद वाशेम या संस्थेने ४८ लाखांहून अधिक बळींची नावं गोळा केली आहेत आणि तिच्या संकेतस्थळावर ती विनामूल्य शोधता येतात. शोधताना पोलंडमधल्या एखाद्या गावाचं नाव टाका. सापडलेल्या नोंदींपैकी ‘साक्षीपत्र’ असलेली एक उघडा. त्यात बहुधा आईवडिलांची नावं, जन्मगाव, व्यवसाय, मृत्यूचं ठिकाण, आणि ते पत्र भरून देणाऱ्या नातेवाइकाची किंवा परिचिताची सही असते. आईंना एकच साक्षीपत्र वाचू द्या, वहीत उतरवू द्या. एका बैठकीत वीस-पंचवीस पत्रं चाळली तर पुन्हा तोच बधिरपणा येईल.

महिना उलटूनही झोप लागत नसेल, नको असताना ती दृश्यं डोळ्यांपुढे येत असतील किंवा त्या घराबाहेर पडायचं टाळत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. १४४१६ ही टेली-मानस हेल्पलाइन विनामूल्य असून चोवीस तास चालते. तिथे मराठीतही बोलता येतं.

प्रश्न : रामकुंडावर या मृतांसाठी तर्पण केलं तर चालेल का?
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : ज्यांच्या मागे पाणी द्यायला कुणी उरलं नाही, त्यांच्यासाठीही आपल्या तर्पणात ओंजळ आहे. तशी ओंजळ जरूर द्या. पण कुणा ज्यू व्यक्तीचं नाव घेऊन, तिला गोत्र लावून विधी करू नका. ही माणसं ज्यू म्हणूनच मारली गेली. मेल्यानंतर त्यांना दुसऱ्या धर्माच्या विधीत ओढणं वारसांना फार लागतं. अमेरिकेतल्या मॉर्मन चर्चने होलोकॉस्टच्या बळींचे मरणोत्तर बाप्तिस्मे केले होते. त्यावर मोठा वाद होऊन १९९५ साली ते थांबवण्याचा करार करावा लागला. नावानिशी स्मरण करायचं असेल तर त्यांच्या रीतीने करा : चोवीस तास तेवेल अशी मेणबत्ती किंवा दिवा लावा आणि नाव मोठ्याने वाचा. कबरीपाशी गेलात तर फुलांऐवजी लहानसा दगड ठेवतात.

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत पोलंडमधल्या क्राको शहरात जातोय. बरोबर सासरे आणि बारा वर्षांचा मुलगा आहे. ऑशविट्झला जावं का?
— एक वाचक, कॉलेज रोड

उत्तर : मुलाला नेऊ नका. चौदा वर्षांखालच्या मुलांना आणू नये, असं संग्रहालयच सुचवतं, आणि ते योग्यच आहे. त्याच्यासाठी क्राकोतच जुन्या घेटोच्या, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीच्या, चौकात रिकाम्या खुर्च्यांचं स्मारक आहे. तिथे बसून बोलता येतं, प्रश्न विचारता येतात. तुम्ही दोघं आळीपाळीने जा.

प्रवेश विनामूल्य असला तरी नावाचा आणि वेळेचा पास लागतो. मार्गदर्शकाचे पैसे वेगळे. तारीख ठरताच संग्रहालयाच्या संकेतस्थळावर नोंदवा. नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा आणि पासपोर्ट जवळ ठेवा. मोठी बॅग आत नेता येत नाही. मुख्य छावणीपासून बिर्केनाऊ हा छावणीचा दुसरा भाग तीन किलोमीटरवर. मधे विनामूल्य बस आहे. बिर्केनाऊ म्हणजे सगळं उघडं माळरान. नोव्हेंबरात चार-साडेचारलाच अंधारतं आणि वारा बोचतो. सासऱ्यांना कानटोपी, जाड तळाचे बूट हवेतच. इमारतींत जिने आहेत, वाटा खडबडीत आहेत. गुडघे दुखत असतील तर आधीच विचार करा. केसांच्या दालनात आणि ११ नंबरच्या इमारतीच्या तळघरात फोटो काढायला बंदी आहे. बिर्केनाऊतल्या रेल्वे रुळांवर उभं राहून सेल्फी मात्र नियम नसला तरी काढू नये.

सहल कंपन्या ऑशविट्झ आणि विएलिच्काची मिठाची खाण एकाच दिवसात उरकतात. ते टाळा. दुपारनंतर काही ठरवू नका, रात्रीचं विमान तर नकोच.

अजून एक. गळ्यातलं स्वस्तिकाचं पदक, किचेन, नव्या बॅगेवर कुंकवाने काढलेलं स्वस्तिक, मोबाइलवरचं स्टिकर निघण्यापूर्वी काढून ठेवा. आपलं स्वस्तिक मंगल आहे, पण तिथे आलेल्या एखाद्या म्हाताऱ्या बाईच्या घरातली माणसं तसंच चिन्ह असलेल्या नाझी झेंड्याखाली नेली गेली असतील. तिला थांबवून आपला अर्थ समजावत बसायची ती जागा नव्हे.