रिपोर्ट नॉर्मल, मग दुखतंय कशानं?

लघवीच्या जागी, जांघेत, बसण्याच्या भागात महिनोन्‌महिने ठणका आणि रिपोर्ट मात्र स्वच्छ. "सर, कॅन्सर तर नसंल?" छत्रपती संभाजीनगरला मी समुपदेशन करतो. माझ्यासमोर बसून हे एसटीचे चालक विचारतात, बँकेतले साहेब विचारतात. पुरुष हे बायकोलाही सांगत नाहीत. त्यामुळे प्रत्येकाला वाटतं, आपण एकटेच.

एक वैमानिक आला होता. उदगीरकडचा, नोकरी हैदराबादला. (ओळख पटेल असे तपशील बदललेत.) युरोलॉजिस्टनं तपासून कॅन्सर नाही, जंतूही नाहीत, असं सांगितलं होतं. प्रोस्टेटायटिस, म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीची सूज, म्हणून येणाऱ्या दहापैकी नऊ जणांत जंतू सापडतच नाहीत. तरी अँटिबायोटिकचे कोर्स मात्र झाले होते.

"बसून बसून झालंय," तो म्हणाला. कॉकपिटबाहेर पडायचं तर केबिन क्रूला आत बोलवावं लागतं, म्हणून पाणीच कमी प्यायचं, लघवी दाबून धरायची. हेही कारण आहेच. पण घटनेपेक्षा माणूस तिच्याबद्दल स्वतःशी काय बोलतो, तिकडे माझा कान असतो.

"कधी दुखत नाही?"

"पेरणीला गावाकडं गेलतो. दिवसभर ट्रॅक्टरवर होतो..." आणि तो बोलता बोलता थांबला. ट्रॅक्टरची सीट काही विमानापेक्षा मऊ नसते.

"लायसन्ससाठीचं पुढचं मेडिकल कधी?"

उत्तर येईना. जबडा घट्ट, पोट आत ओढलेलं, टाचा उचललेल्या.

"आत्ता खाली काय होतंय, बघा."

बऱ्याच वेळानं म्हणाला, "आवळून धरलंय सर. मीच धरलंय."

इतक्या वर्षांत हा क्षण मी अनेकांच्या चेहऱ्यावर पाहिलाय, अजूनही जुना होत नाही. मूठ दिवसभर आवळली तर हात दुखणारच. ओटीपोटाच्या तळाचे स्नायूही तसेच. दुखणं खरंच असतं, मनाचे खेळ नव्हेत. पण 'दुखतंय' याला 'म्हणजे लायसन्स गेलं' हे शेपूट आपण जोडतो, आणि आवळणं वाढतं.

"अनफिट ठरलात तर?"

"संपलंच."

"कायमचं की तात्पुरतं?"

"...तात्पुरतं. हप्ते थकतील. घरी बसावं लागंल." मग हसला. "मरणार नाही म्हणा."

त्याला सांगितलं तेच सगळ्यांना सांगतो. आधी युरोलॉजिस्ट, मग मी. ताप, लघवीत रक्त किंवा लघवी अडकली, तर त्याच दिवशी दवाखाना. अँटिबायोटिक मनानं घेऊ नका. मोबाइलवर पाहून केगेल, म्हणजे हेच स्नायू आवळायचा व्यायाम, तर मुळीच नको. आवळलेल्याला आणखी आवळून काय मिळणार? सैल सोडायला शिकवणारा फिजिओथेरपिस्ट गाठा. पाणी तोडू नका. वैमानिकांनी एक जास्त पाळावं: प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी बीपी उतरतं, उठताना चक्कर येते, एव्हिएशन मेडिकलच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय त्या घेऊन उडू नये.

त्यानं पुढच्या मेडिकलला स्वतःहूनच सगळं सांगितलं. अजून दुखतं त्याला अधूनमधून, पण तपासण्यांच्या फेऱ्या मात्र बंद झाल्यात.