थ्री-पिन टॉप पुन्हा पुन्हा का जळतो?

प्रश्न : इस्त्रीचा टॉप एका पिनेपाशी तपकिरी होऊन वितळला. नवा बसवला, तोही काळा पडू लागलाय. दुकानदार म्हणतो १६ अँपिअरचा घ्या. काय करावं? (वाचक, ऐरोली)

उत्तर : १००० वॅटची इस्त्री २३० व्होल्टला साधारण ४.३ अँपिअर घेते. ६ अँपिअरचा आयएसआय टॉप तिला पुरतो. तुमचा टॉप जळतोय तो सैल जोडामुळे. स्क्रू ढिला असला किंवा सॉकेटमधली पट्टी फाकली असली की तिथे रोध वाढतो, जोड तापतो आणि तापून आणखी सैल होतो. त्यामुळे आधी सॉकेट बघा. करपलेल्या पिनेचं भोकही काळं असेल तर सॉकेट इलेक्ट्रिशियनकडून बदलून घ्या, नाहीतर तिसरा टॉपही जाईल.

टॉप बदलताना इस्त्री सॉकेटमधून काढून ठेवा. वायर चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे कापा. खाडीकाठच्या दमट हवेत तांबं हिरवट-काळं पडतं. त्यावर स्क्रू कितीही आवळा, जोड तापणारच. बाहेरचं आवरण ३-४ सेंटिमीटर काढा, आतल्या तारांची टोकं ८-१० मिलिमीटर सोला. अर्थिंगची (हिरवी) तार सेंटिमीटरभर लांब ठेवा, म्हणजे वायरला हिसका बसला तर ती शेवटी सुटेल. टोकं घट्ट पिळून दुमडा. डाख देऊ नका, तो स्क्रूखाली हळूहळू दबतो आणि जोड पुन्हा ढिला पडतो. एकही बारीक तार बाहेर राहू देऊ नका.

पिना पलीकडे आणि जाड पिन वर धरली की वर हिरवी, उजवीकडे फेज (तपकिरी किंवा लाल), डावीकडे न्यूट्रल (निळी किंवा काळी). टॉपमध्ये वायर दाबून धरणाऱ्या पट्टीची पकड बाहेरच्या आवरणावरच यायला हवी. इस्त्रीची वायर सतत ओढली जाते, आणि घाईत नेमकं हेच राहून जातं.

मल्टिमीटर असेल तर जाड पिन ते इस्त्रीचा तवा एक ओहमच्या आत दाखवायला हवं. बटण चालू ठेवून बाकी दोन पिनांमध्ये पन्नासेक ओहम यावेत. त्या दोन्हींपैकी एकीचाही जाड पिनेशी संपर्क दिसला तर इस्त्री लावू नका.

प्रश्न : इलेक्ट्रिशियनने मिक्सरची हिरवी तार कापून टू-पिन टॉप लावला. घरात आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे, चालेल का? (वाचक, घोडबंदर रोड, ठाणे)

उत्तर : नाही. अर्थिंग असेल तर गळती होताच ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी पडतो. नसेल तर गळतीला वाट मिळते ती तुमच्या हातातून, म्हणजे झटका आधी बसतो आणि आरसीसीबी नंतर पडतो. हिरवी तार पुन्हा जोडून थ्री-पिन टॉप लावून घ्या, तोवर मिक्सर बंदच ठेवा.